शांतवन, तुझी काडेपेटी खरी होती

शांतवन, तुझ्या मातीला लोक हसले. हे तुला दुसरं कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

मोठ्यानं नाही हसले. समोर तुला ठेवलेलं असताना मोठ्यानं हसण्याइतकी आपली कोल्हारची मंडळी रानटी नाहीत. पण हसले. पाळकांनी वचन वाचलं, प्रार्थना केली, मग तुझ्याबद्दल दोन शब्द बोलायला उभे राहिले. तू सरळ माणूस होतास, तुझी लॉरी कधी कुणाला लागली नाही, बायकोला, रूथला, तू फुलासारखं जपलंस, हे सगळं बोलून झालं. तेवढ्यावर थांबायचं होतं. पण बोलणाऱ्याला टाळी हवी असते, मग ती जागा कोणतीही असो. म्हणाले, "आपल्या शांतवनला गोष्टी रंगवून सांगण्याची फार हौस. इराणात आपण अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना पाहिलं, असंही तो सांगायचा. असो. आता तो खऱ्या राजाला पाहील." वाक्य जमलं म्हणून स्वतःच जरासे हसले. मग पुढच्या बाकांवरची माणसं हसली, मग मागची. रूथनं पदराआड तोंड लपवलं. तुझी सुमन माझ्या मांडीला टेकून बसली होती, ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. आणि मी, तुझी थोरली बहीण, जिच्या जिभेला सगळी शाळा भिते असं तू सांगत फिरायचास, मी छताकडे पाहत बसले.

त्याला आज सतरा दिवस झाले. लोक येतात, म्हणतात, बाई, रडून घ्या, मोकळ्या व्हाल. मला रडूच येत नाही. घास तोंडाशी नेला की ते हसू आठवतं आणि अंगाची लाही होते. तुझं दुःख मी सावकाश करीन, त्याला आता उरलेलं आयुष्य आहे. आधी हे बोलू दे.

तू लढाईवरून परत आलास तो दिवस मला आठवतो. काळाठिक्कर पडलेला, गालफडं बसलेली, अंगावर लष्करी कोट आणि बोलण्यात मध्येच कुठलेसे फारशी शब्द. पाच वर्षांत तुझी मोजून नऊ पत्रं आली होती आणि त्यांतही निम्म्या ओळींवर लष्करानं काळं फासलेलं. मी पहिला प्रश्न विचारला तो "जेवलास का" आणि दुसरा "पत्र का लिहिलं नाहीस". तू हसलास, ट्रंक उघडलीस आणि कपड्यांच्या तळातून सिगारेटचा एक चपटा पत्र्याचा डबा काढून माझ्या हातात दिलास. "अक्का, जपून. ह्येच्यात अमेरिकेचा राजा हाय."

डब्यात तीन वस्तू होत्या. मी शिक्षकीण आहे, मला नेमकं सांगायची खोड आहे, आणि आता तर नेमकंच सांगायला हवं. एक होती काडेपेटी, पण आपल्यासारखी लाकडाची नाही. पुठ्ठ्याचं पाकीट, आत पुठ्ठ्याच्याच काड्या कंगव्याच्या दातांसारख्या एकाला एक जोडलेल्या, हवी ती फाडून घ्यायची. पाकिटावर सोनेरी गरुड, आणि खाली बारीक अक्षरांत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं पद छापलेलं. दुसरं होतं एक जाड पांढरं कार्ड, त्या दिवशीच्या जेवणात काय काय होतं ते सांगणारं, खाली तारीख आणि लष्करी तळाचं नाव. आणि तिसरा, चार घड्या पडलेला, कडेला तेल लागलेला गुलाबी कागद. गेटपास. त्यावर टाइप केलेलं तुझं नाव, तुझ्या लॉरीचा नंबर आणि कुणा ऑफिसरची सही. तुला पहिल्या दोनांचं कौतुक होतं. मी मात्र तिसराच कागद दोनदा वाचला. आपल्या घरातल्या माणसाचं नाव मी पहिल्यांदाच टाइप केलेलं पाहत होते.

"आमच्या लारीला खुर्च्या न्यायचा हुकूम हुता," तू सांगितलंस. "घडीच्या खुर्च्या, अमेरिकन तळावर. खाली केल्या, मांडल्या, आन तेवढ्यात गडबड झाली, समदे उभे ऱ्हायले. म्हनले, राष्ट्राध्यक्ष आले. त्यांच्या मुलखातनं लई लांब आले हुते, मोठ्या मोठ्या मान्सांच्या बैठकीला. जाता जाता आपल्या सोल्जरांस्नी भेटाया आले. जीपगाडीत बसल्या बसल्याच बोलले. काय बोलले त्ये मला न्हाई कळलं. पर अक्का, लई दमलेलं तोंड हुतं. घरी कुनी आजारी आसल्यावानी."

आणि काडेपेटी? तर गर्दी पांगल्यावर तिथल्या एका अमेरिकन आचाऱ्याला तू मोठाली पातेली उचलू लागलास. कुणी सांगितलं नव्हतं. जड पातेलं कुणा एकट्याला उचलताना पाहून तुला कधी बसवतच नसे. तो तुझ्याइतकाच काळा होता म्हणे. त्यानं खिशातून ती काडेपेटी काढली, मेजावरचं एक कार्ड उचललं आणि तुझ्या हातावर ठेवून खुणेनं सांगितलं, घरी दाखव.

तू घरी दाखवलंस, आणि दारीही. गेनू अण्णा, आपल्या वाटेवरच्या मळ्यातले, त्यांना पटेना. "येवढा मोठा मानूस बसून बोलतो व्हय? आन ह्या कसल्या काड्या, पुठ्ठ्याच्या? पोरांचा खेळ हाय त्यो." तू पाकीट उघडलंस. काडी फाडलीस, घासलीस आणि अण्णांची चिलीम पेटवून दिलीस. एक काडी कमी झाली म्हणून मी तुला रागावले. तू म्हणालास, "मग काय झालं, अक्का? काडी हाय, पेटायसाठीच हाय."

मग तो सुगीचा सण आला. पुढे कुणी हे वाचलं तर त्याला कळावं म्हणून सांगते. आपल्या ख्रिस्ती मंदिरात बाजरी घरात आली की एका रविवारी सगळे आपापल्या पिकातलं पहिलं आणून देवाच्या मेजापुढे ठेवतात. कणसं, भोपळे, गुळाची ढेप, अंडी, पाय बांधलेली कोंबडी. कुणी काय दिलं ते पुकारत नाहीत. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये. उपासना झाली की आवारात त्या वस्तूंचा लिलाव होतो, सगळं गाव जमतं, आपल्यातलेही आणि बाकीचेही. आणि त्यातली खरी गंमत ही, की जी वस्तू कुणाच्या जिवाची आहे असं दिसतं, ती घेणारा घेतो आणि पुन्हा मेजावर ठेवतो. पुन्हा बोली, पुन्हा दुसरा घेतो, पुन्हा ठेवतो. एक लिंबू सात सात वेळा फिरलेलं मी पाहिलं आहे. आणि शेवटी ते लिंबू ज्याच्या झाडाचं त्याच्याच घरी जातं. देवालाही मिळालं आणि माणसाचंही गेलं नाही. हा नियम कुठं लिहिलेला नाही. लिहायची गरजच कधी पडली नव्हती.

त्या वर्षी तू तो डबा नेऊन मेजापुढे ठेवलास. मला आधी सांगितलंही नाहीस. मी बाकावरून पाहिलं आणि अर्धी उठलेच. बाहेर आल्यावर तुला गाठलं, तर तू शांतपणे म्हणालास, "समद्यांनी शेतातलं आनलं. मला शेत कुठं हाय? माझं पीक लढाईवर आलं, अक्का. तिथनं जिता आलो, त्याचं काय द्यायचं मग?" आणि माझ्या तोंडाकडे पाहून पुढे म्हणालास, "फिरंल आन यील परत. तू कशाला घाबरतीस?"

नेमका त्याच दिवशी साहेब आला होता. नगरच्या कॅम्पात राहणारा गोरा मेजर. जुन्या तलवारी, नाणी, लढाईतल्या वस्तू जमवायचा त्याला नाद. पण तो आला होता आपल्या गावच्या मुलींच्या शाळेसाठी. शाळेचं गवती छप्पर दोन पावसाळे गळत होतं, पाळकांनी त्याच्याकडे खेटे घातले होते, आणि तो म्हणाला होता, येऊन पाहतो. त्याच्यासाठी मंदिरातली एकुलती हाताची खुर्ची आवारात आणून ठेवली. तो आला तेव्हापासून पाळकांची कंबर सरळ झाली नव्हती.

डबा पुकारला गेला. पाळकांनी उघडून दाखवला. साहेब खुर्चीत ताठ बसला, पुढे झुकला आणि त्यानं एकदम इतकी मोठी बोली लावली की आवारात कुणाला पुढे बोलायला जागाच उरली नाही. पाळकांनी तीनदा विचारलं. साहेबानं डबा घेतला. उघडून काडेपेटी पाहिली, कार्ड पाहिलं. डबा कोटाच्या खिशात घातला.

सगळं आवार वाट पाहत होतं. तो डबा परत ठेवील, याची वाट. कोंबड्यासुद्धा ओरडायच्या थांबल्या असं मला वाटलं. गेनू अण्णा कुजबुजले, "आरं, परत ठिवायचं आस्तंय. सांगा की त्यास्नी कुनीतरी." पाळकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की अण्णांनी चिलमीत तोंड घातलं. साहेबाची काय चूक? त्याच्या मुलखात विकत घेतलेली वस्तू आपली होते. त्याला कुणी सांगायला हवं होतं. त्या आवारात नीट इंग्रजी येणारी माणसं दोन. एक पाळक आणि दुसरी मी.

एक वाक्य, शांतवन. माझ्या तोंडात ते तयार होतं, व्याकरणासकट. साहेब, आमच्या रीतीनं ही वस्तू पुन्हा मेजावर ठेवायची असते. मी तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्याकडे पाहत नव्हतास, डब्याकडेही नाही. तू जमिनीकडे पाहत होतास. आणि मी छपराचा विचार केला. माझ्या बासष्ट मुली, पावसात भिजणाऱ्या पाट्या, कोपऱ्यातली बादली. मी मूग गिळून बसले. साहेबानं पाळकांशी हस्तांदोलन केलं, माझ्याशीही केलं. मी त्याला थँक्यू म्हटलं. हे मला विसरता येत नाही.

छप्पर आलं, होय. पावसाळ्याच्या आधी नवेकोरे पत्रे आले. उन्हाळ्यात त्या पत्र्यांखाली पाव भाजावेत अशी आग असते. त्याच पत्र्यांखाली मी मुलींना 'नेहमी खरे बोलावे' हा धडा शिकवते.

डबा गेला आणि महिन्याभरात तुझी गोष्टही खोटी ठरली. मला हे अजून समजत नाही. काल ज्यांनी काडेपेटी हातात घेऊन वास घेऊन पाहिली होती, तेच आज म्हणायला लागले, कसला राष्ट्राध्यक्ष, कुठल्या तरी बाजारातून उचललं असेल. तू लॉरी सुरू केलीस की कुणीतरी ओरडायचं, "काय परशिडेंट, आज अमेरिकेला का मनमाडला?" पहिले काही दिवस तू हसून हात हलवायचास. मग हात हलवायचा थांबलास. मग गोष्ट सांगायचाच थांबलास. ज्या माणसाच्या गोष्टी ऐकायला ओटा भरायचा, तो गुळाच्या ढेपा भरायचा, पोचवायचा आणि घरी येऊन गप्प बसायचा. आणि एक दिवस माझ्याच शाळेतून सुमन रडत आली. मुली म्हणतात, तुझा बाप थापाड्या. "आत्या, बाबांनी खरंच पाहिलं होतं का?" मी तिला म्हटलं, हो तर. पण मुलं फार हुशार असतात. 'हो तर' आणि 'हो' यातला फरक त्यांना कळतो.

त्या संध्याकाळी मी तुझ्या ओट्यावर आले. तू शेंगा फोडत बसला होतास. मी म्हटलं, चल नगरला, मी येते बरोबर, साहेबाकडे डबा मागू. काडेपेटी नाही दिली तर नाही, पण तुझा तो पास तरी मागू. तू मान हलवलीस. "देवाला दिलेलं परत मागत न्हाईत, अक्का."

"देवाला कुठं दिलंस? तो तर साहेबाच्या खिशात गेला. देव काय मेजर आहे?"

"म्या देवाच्या मेजावर ठिवलं. म्होरं काय झालं, त्ये देवाचं."

मी चिडले. मी म्हटलं, तू भित्रा आहेस, लढाईवर जाऊन आलास तरी भित्राच राहिलास. तू एक शेंग फोडलीस, दाणे माझ्यापुढे सरकवलेस आणि अगदी सहज म्हणालास, "त्या दिशी तूबी हुतीस की तिथं."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते, मला ते येतं. मी उठले, चप्पल घातली आणि घरी गेले. ते भांडण तिथंच अर्धं राहिलं. नंतर आपण बाजरीबद्दल बोललो, रूथच्या खोकल्याबद्दल बोललो, स्वातंत्र्य आलं तेव्हा झेंड्याबद्दल बोललो. डब्याबद्दल पुन्हा बोललो नाही.

आता तुला जे कधीच सांगितलं नाही ते सांगते. त्याच वर्षी नाताळात साहेबाच्या बंगल्यावर गाणी म्हणायला मी मुलींना घेऊन नगरला गेले होते. सर्व्हिस मोटारीनं गेलो, थंडीत कुडकुडत. गाणी झाली, मुलींना केक मिळाला, आणि मला दिवाणखान्यात काचेचं कपाट दिसलं. तलवारी, पदकं, आणि मधल्या फळीवर मखमलीवर ठेवलेली तुझी काडेपेटी. शेजारी ते जेवणाचं कार्ड. खाली सुबक अक्षरांत इंग्रजी चिठ्ठी: राष्ट्राध्यक्षांच्या इराण भेटीतील आठवणीची वस्तू, दख्खनच्या एका खेड्यात सापडली.

सापडली. शेतात नांगर चालवताना जुनं नाणं सापडावं, तशी. पाच वर्षं लॉरी चालवणारा माणूस नाही, पातेली उचलणारा माणूस नाही, कुणी दिली नाही, कुणी आणली नाही. सापडली. आणि तो गुलाबी कागद कुठंच नव्हता. मी साहेबाच्या खानसाम्याला विचारलं. त्याला बिचाऱ्याला आठवत होतं. "वो पुराना कागज? साहब बोले, फालतू है. चूल्हे में गया, बाई."

डब्यातल्या तीन वस्तूंपैकी दोन मखमलीवर, आणि ज्या एका वस्तूवर तुझं नाव होतं, ती चुलीत. मी मुलींना घेऊन परत आले. वाटभर मुली गाणी म्हणत होत्या. दुसऱ्या दिवशी तू विचारलंस, कसा झाला नाताळ, आणि मी म्हटलं, केक छान होता. पुढच्या वर्षी स्वातंत्र्य आलं, साहेब सामान बांधून आपल्या देशी गेला, कपाट खोक्यात घालून बरोबर. आता ती काडेपेटी कुठल्या समुद्रापलीकडे आहे कोण जाणे. पण पास असता, शांतवन, तर मी पाळकांच्या तोंडासमोर धरला असता. मी त्या दिवशी एक वाक्य बोलले असते, तर तो पास आज सुमनच्या वहीत असता.

मला सायकल शिकवलीस ती आठवते? नोकरीची पहिली दोन वर्षं, तीन गावांच्या शाळा, आणि पायांना फोड. तू कुणाची तरी मोडकी सायकल दुरुस्त करून आणलीस आणि नदीच्या रस्त्यावर मला बसवलंस. नऊवारी नेसलेली बाई सायकलवर, म्हणजे गावाला फुकटचा तमाशा. पारावरची माणसं हुर्यो करायला लागली. तू सीट धरून मागे पळत होतास, पळता पळता थांबलास, त्यांच्याकडे वळलास आणि म्हणालास, "तुमच्या पोरी शिकवाया चाललीय ती. हसायचं आसंल तर आधी पोरी घरी बसवा." तू तेव्हा एकोणीस वर्षांचा होतास. ते सगळे गप्प झाले आणि मी सायकल शिकले. आजही मी शाळेत जाते ती त्याच वाटेनं. तू माझ्यासाठी अख्ख्या गावापुढे बोललास. मी तुझ्यासाठी एका माणसापुढे बोलले नाही.

तुझा ताप चढत गेला, डॉक्टर म्हणाले छातीत पाणी आहे, तेव्हा मी शाळेतून थेट तुझ्याकडे यायचे. तू कधी शुद्धीत, कधी नाही. एका दुपारी डोळे उघडलेस आणि म्हणालास, "अक्का, सुमनला तू सांग. म्या सांगितलं तर ती नुसती हसती. तुझं ऐकत्यात समदे." मी म्हटलं, तू बरा हो, मग दोघं मिळून सांगू. तू मान हलवलीस. म्हणजे तू मला एकच काम सांगून गेलास, आणि चौथ्याच दिवशी तुझ्या मातीला मी छताकडे पाहत बसले.

परवा शनिवारी गेनू अण्णा आले होते. भेटायला म्हणून आले, ओट्यावर बसले. मग म्हणाले, "बाई, माझी चिलीम त्या काडीनं पेटली हुती. मला ठावं हुतं, खरं हाय. तरीबी परशिडेंट म्हनायचो म्या त्याला. तोंड हाय, गेलं बोलून." मी त्यांना चहा दिला. कप जरा आपटूनच ठेवला, आणि तो दुःखानं नव्हे. यांना ठावं होतं.

काल रविवार. उपासनेत साक्षीची, म्हणजे देवानं आपलं काय भलं केलं ते उभं राहून सांगायची, वेळ आली. एकानं म्हैस बरी झाल्याची साक्ष दिली, एकीनं मुलाच्या पास होण्याची. मग मी उभी राहिले. वीस वर्षांत मी साक्षीला कधी उभी राहिले नव्हते, म्हणून सगळ्यांनी माना वळवल्या. मी म्हटलं, माझा भाऊ शांतवन खरं बोलत होता. काडेपेटी मी हातात घेतली आहे, कार्ड वाचलं आहे, आणि तिसरा एक कागद होता, त्यावर त्याचं नाव होतं, तोही मी दोनदा वाचला आहे. तो कागद साहेबाच्या चुलीत गेला, हे मला नगरला कळलं आणि मी लपवलं. लिलावाच्या दिवशी मला इंग्रजी येत होतं आणि मी गप्प बसले, कारण मला छप्पर हवं होतं. तुम्ही त्याच्या मातीला हसलात, तेव्हाही मी गप्प बसले. ही माझी साक्ष.

कुणी आमेन म्हटलं नाही. रूथ मात्र उभी राहिली. तुला माहीत आहे, ती मंदिरात कधी तोंड उघडत नाही. म्हणाली, "म्याबी पाहिलीय," आणि बसली. पाळकांनी घाईघाईनं पुढचं गीत काढलं, आणि ते चुकीच्या चालीवर सुरू झालं.

बाहेर आल्यावर सुमननं माझा हात धरला. म्हणाली, "मग आत्या, तू तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी दुसऱ्यांच्या मुलींना उत्तरं द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, भीती वाटली. तिनं माझा हात सोडला नाही. मग म्हणाली, "पण बाबांनी पाहिलं होतं." या वेळी ती विचारत नव्हती. तुझं काम झालं, शांतवन. माझं राहिलं आहे.

पाळक मंदिराच्या मागच्या दारात माझी वाट पाहत होते. मला वाटलं, आता रागावतील. रागावले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "बाई, तुमचा भाऊ खरं बोलत होता हे इथं कुणाला माहीत नव्हतं? सगळ्यांनी तो डबा हातात घेऊन पाहिला होता. पण त्या दिवशी साहेबाला कुणी बोललं नाही. मीही नाही. आणि मग शांतवन रोज समोर दिसायचा. लोकांना त्याच्याकडे सरळ बघवेना. गोष्ट खोटी म्हटली की बघायला सोपं जायचं."

ऐकलंस ना? अडाणीपणानं नाही हसले ते. तुझा काही गैरसमज असेल तर तो काढून टाक. तुला थापाड्या ठरवलं ते तू थाप मारलीस म्हणून नाही, तुझं आपण गिळलं हे सगळ्यांना माहीत होतं म्हणून. तुझं हसं करून अख्खं गाव आपली लाज झाकत होतं, आणि त्यावरची शेवटची माती त्यांनी तुझ्यावर माती लोटताना टाकली.

मी पाळकांना म्हटलं, हे आत्ता माझ्यापाशी बोललात ते पुढच्या रविवारी वरून बोला. जिथून हसलात तिथून. याच शब्दांत.

ते म्हणाले, "बघू." मग म्हणाले, "बाई, जरा सबुरीनं घ्या. शाळेच्या कमिटीत विषय निघेल."

मी म्हटलं, निघू दे. छप्पर घातलंत, मला नाही विकत घेतलंत.

आता माझं ठरलं आहे. या रविवारी मी पहिल्या बाकावर बसणार आहे, पाळकांच्या बरोबर समोर, एका बाजूला रूथ आणि दुसऱ्या बाजूला सुमन. त्यांनी नाही म्हटलं तर पुढच्या रविवारी. नंतर त्याच्या पुढच्या. साक्षीची वेळ आली की मी उभी राहीन आणि तेच सांगेन, त्यांना पाठ होईपर्यंत. तू असतास तर मंदिराच्या पायरीवरच मला गाठून म्हणाला असतास, अक्का, जाऊ दे. तुझ्या त्या दोन शब्दांनी आयुष्यभर मला आवरलं. आता आवरायला तू नाहीस.